स्वॉट प्लस वापरून पाहिलं: फुकट आहे, दमदार आहे, पण माळव्याची काळी माती त्याला आपणच समजवायची

आधी रेटिंग देऊन टाकते, ५ पैकी ४. एक स्टार का कापला ते खाली येईलच. इंदूरमध्ये पाण्यावर काम करणारे, एम.टेक.चा प्रोजेक्ट शोधणारे, तलाव वाचवा म्हणून धडपडणारे असे बरेच जण विचारतात की ताई, शेतातून वाहून येणारं खत आणि गाळ याचा हिशोब कंप्युटरवर करायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, आणि प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकावं म्हटलं, म्हणून हा लांबलचक रिव्ह्यू. आमच्या छोट्या ग्रुपने हे गंभीर नदीच्या पाणलोटावर वापरलंय, म्हणजे जानापावकडून निघून महूच्या बाजूने खाली येत हातोदजवळ यशवंत सागरला मिळणारं जे पाणी आहे त्याच्यावर, त्यामुळे जे लिहितेय ते आपल्याकडच्या जमिनीला धरूनच लिहितेय.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. स्वॉट (सॉइल अँड वॉटर असेसमेंट टूल) हे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधन विभागाचं मॉडेल आहे, टेक्सासमधल्या टेम्पल गावी जेफ अरनॉल्ड यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला उभं केलं, टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचे रघवन श्रीनिवासन हे त्यातलं दुसरं मोठं नाव. जगभर वापरतात, सोर्स कोड खुला आहे, एक पैसा लागत नाही. आता जी नवी आवृत्ती आहे ती स्वॉट प्लस, आणि ती क्यूजीआयएस या नकाशांच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये प्लगिन म्हणून चालते, त्या प्लगिनचं नाव क्यूस्वॉट प्लस. आधी आर्कस्वॉट होतं त्याला आर्कजीआयएसचं लायसन्स लागायचं, आपल्यासारख्यांना ते परवडणं शक्यच नव्हतं, आता तो प्रश्न मिटला, आणि माझ्या मते या एका गोष्टीमुळेच आपल्याकडच्या लहान संस्था आणि कॉलेजं या कामात उतरू शकतात.

काम कसं करतं ते समजून घ्या म्हणजे पुढची तक्रार कळेल. तुम्ही त्याला जमिनीच्या उंचीचा नकाशा देता, त्यावरून ते नाले काढतं, पाणलोटाचे तुकडे पाडतं. मग जमिनीचा वापर, माती आणि उतार हे तिन्ही एकावर एक ठेवून प्रत्येक वेगळ्या कॉम्बिनेशनचा एक एचआरयू (हायड्रोलॉजिक रिस्पॉन्स युनिट, म्हणजे सारखं वागणाऱ्या जमिनीचा एक गट) बनवतं, उदाहरणार्थ सोयाबीन, खोल काळी माती आणि १ ते ३ टक्के उतार हा एक एचआरयू. आणि मग रोज, म्हणजे खरंच एकेका दिवसाचा हिशोब, पाऊस किती पडला, त्यातलं वरून किती वाहिलं, किती मुरलं, पिकाने किती घेतलं, वाहत्या पाण्याबरोबर माती किती गेली, मातीला चिकटून फॉस्फरस किती गेला, विरघळून नायट्रेट किती गेलं, नाल्यात पुढे जाता जाता त्याचं काय झालं. हे सगळं दहा-वीस वर्षांचं एका साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत निघतं, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी थक्क झाले होते, अजूनही होते.

बरेच जण विचारतात कान्ह का नाही घेतली, शहरातली नदी तर ती आहे. कारण कान्हमध्ये मुख्य भानगड सांडपाण्याची आहे, तिथे शेतीचा वाटा सांडपाण्याखाली झाकला जातो. स्वॉटमध्ये सांडपाण्याचा नाला पॉइंट सोर्स, म्हणजे एकाच ठिकाणाहून येणारी घाण, म्हणून टाकता येतो, पण मग मॉडेल काय सांगणार, तुम्हीच दिलेला आकडा परत देणार. शेतीचा रनऑफ, म्हणजे शेतांवरून वाहून जाणारं पाणी, समजून घ्यायचा असेल तर जिथे शेतीच जास्त आहे असं पाणलोट घ्या. आणि यशवंत सागरचं महत्त्व वेगळं सांगायला नको, इंदूरला पिण्याचं पाणी देतो, मध्य भारतातल्या सारस पक्ष्यांचा मोठा आधार आहे, २०२२ मध्ये इंदूरच्याच सिरपूर तलावाबरोबर रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. २०२५ च्या जानेवारीत इंदूरला वेटलँड सिटीचा मान मिळाला त्याचा आपल्या सगळ्यांनाच आनंद झाला, पण तलावाच्या काठावर कितीही झाडू मारला तरी वरच्या शेतांतून काय उतरतंय ते कळल्याशिवाय पाणी सुधारणार नाही असं मला अगदी मनापासून वाटतं.

इन्स्टॉलेशनबद्दल फार लिहित नाही, ठीकठाक आहे. क्यूजीआयएस, मग प्लगिन, मग मायक्रोसॉफ्टचं एमपीआय (उंचीच्या नकाशावरून नाले काढणारं टॉडेम नावाचं साधन त्याच्याशिवाय चालत नाही), मग स्वॉट प्लस एडिटर. फोल्डरच्या नावात मोकळी जागा ठेवू नका, देवनागरी अक्षरंही नकोत, आणि सगळे नकाशे यूटीएम झोन ४३ उत्तर या एकाच नकाशा-प्रक्षेपणात आणून मगच सुरू करा, इंदूर त्या झोनमध्ये येतं. देपालपूरच्या बाजूला जमीन इतकी सपाट आहे की एसआरटीएम या उपग्रहावरच्या रडारने घेतलेल्या ३० मीटरच्या उंचीच्या नकाशावरून नाले भलतीकडे वळतात, तेव्हा नाल्यांचा खरा नकाशा हाताशी ठेवा आणि तो बर्न इन करून घ्या, म्हणजे खरे नाले उंचीच्या नकाशात कोरून घ्या, प्लगिनमध्ये तशी सोय आहे. हे झालं की इन्स्टॉलेशनचा विषय संपला.

आता मुख्य मुद्दा, काळी माती. आपल्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात हे माळव्यातल्या शेंबड्या पोरालाही माहितीये, मे महिन्यात शेतात हात घालाल तर कोपरापर्यंत जातो. हातोदकडच्या एका शेतकरी काकांना मी विचारलं होतं की पहिल्या पावसात नाल्याला पाणी येतं का, ते म्हणाले, "पहला पानी तो जमीन पी जाती है बेटा, नाला तो जुलाई में चलता है." हे वाक्य मॉडेलच्या भाषेत सांगायचं तर असं. स्वॉटमध्ये वरून वाहणारं पाणी बहुतेक वेळा कर्व्ह नंबर पद्धतीने काढतात, हा नंबर १०० च्या जितका जवळ तितकं जास्त पाणी वाहून जातं. आपली माती ड गटात, म्हणजे पाणी सगळ्यात कमी मुरणाऱ्या गटात येते, सरळ ओळीत पेरलेल्या पिकाला त्या गटात कर्व्ह नंबर ८९ लागतो. ८९ धरला तर ६० मिलीमीटर पावसातलं जवळजवळ ३४ मिलीमीटर वाहून जातं. मॉडेल हुशार आहे, जमीन कोरडी असेल तर तो नंबर आपोआप खाली आणतं, ८९ चा साधारण ७६ होतो, तरीसुद्धा त्याच ६० मिलीमीटरमधलं १६ मिलीमीटरच्या आसपास पाणी ते नाल्यात पाठवतं. जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, भेगाळलेल्या शेतातून १६ मिलीमीटर? आपल्याकडे कोणी मान्य करणार नाही.

आणि हा प्रश्न फक्त पाण्याचा असता तर एवढं मनावर घेतलं नसतं. पेरणीच्या वेळी डीएपी टाकलेलं असतं, जमीन उघडी असते, म्हणजे मॉडेलमध्ये जूनचा खोटा पूर आला की त्याच्याबरोबर खोटा गाळ आणि खोटा फॉस्फरसही तलावात जाऊन पडतो आणि वर्षाचा सगळा हिशोब बिघडतो. गंमत अशी की याचा इलाज सॉफ्टवेअरमध्येच आहे. क्रॅक फ्लो नावाचा स्विच आहे, तो सुरू केला की मातीतल्या ओलाव्याप्रमाणे रोज भेगांचं आकारमान काढलं जातं, वाहणारं पाणी आधी भेगा भरतं आणि उरलेलं तेवढं पुढे जातं, माती फुगली की भेगा मिटतात आणि मग नाला धो धो चालतो. अगदी काकांनी सांगितलं तसंच! पण हा स्विच मुळात बंद असतो, आणि तो चालू केल्यावर मातीच्या फाइलमध्ये भेगांचं जास्तीत जास्त प्रमाण आपल्याला टाकावं लागतं. माझी मनापासून विनंती आहे, माळवा असो, निमाड असो की विदर्भ, काळ्या मातीवर मॉडेल करणाऱ्याने सगळ्यात आधी हा स्विच बघावा. आमच्याकडे तो चालू केल्यावर जूनचा प्रवाह खाली बसला आणि जुलैच्या मध्यापासूनचा वर आला. हा स्विच असा कोपऱ्यात ठेवलाय आणि मातीचा प्रकार बघून साधी सूचनाही येत नाही, अर्धा स्टार मी इथेच कापला.

दुसरा अर्धा स्टार पिकांच्या कॅलेंडरसाठी. तुम्ही पेरणी-कापणीच्या तारखा दिल्या नाहीत तर मॉडेल उष्णतेच्या बेरजेवरून स्वतःच पीक लावतं आणि काढतं. थंड देशात हे बरोबर आहे, तिथे ऊब आली की पेरतात. आपल्याकडे ऊब तर मार्चपासूनच असते, पेरणी पावसावर होते. म्हणजे तारखा न देता चालवलं तर मॉडेलमधलं पीक अशा महिन्यात शेतात उभं राहतं जेव्हा आपल्याकडे शेत रिकामं तापत असतं, आणि पावसाळ्यात जेव्हा सोयाबीनने जमीन झाकलेली असते तेव्हा मॉडेलमध्ये ती उघडी. गाळाचा आकडा कुठल्या कुठे जाईल विचार करा. तेव्हा बसून आपलं वेळापत्रक हाताने भरा, सोयाबीन जूनच्या अखेरीस, कापणी सप्टेंबर-ऑक्टोबर, मग गहू किंवा हरभरा नोव्हेंबरमध्ये, मार्चमध्ये काढणी, आणि त्यांच्यामध्ये वखरणी, खतं, गव्हाला द्यायचं पाणी. स्वॉट प्लसमध्ये नियम लिहिण्याची सोय आहे, म्हणजे ठराविक तारखेऐवजी "पाऊस इतका झाला आणि मातीत ओल इतकी आली की पेर" असं लिहिता येतं, हे मला अतिशय आवडलं, कारण आपल्या शेतकऱ्याचं डोकं अगदी असंच चालतं. गव्हासाठी यादीत विंटर व्हीट आणि स्प्रिंग व्हीट अशी नावं दिसतील. आपण थंडीत पेरतो म्हणून बरेच विद्यार्थी विंटर निवडतात. ते चूक आहे, आपल्या गव्हाला बर्फाखालची झोप लागत नाही, तो जातीने स्प्रिंग व्हीटच आहे, तेच निवडा.

खतांचं सांगते, इथे जपून. आपण शेतीत स्फुरद म्हणतो ते पी-टू-ओ-फाइव्ह असतं, आणि मॉडेलला लागतो शुद्ध फॉस्फरस. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीवर १८-४६ लिहिलेलं असतं, म्हणजे ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद, पण या २३ किलोत फॉस्फरस फक्त १० किलोच्या आसपास असतो, ०.४३६ ने गुणायचं. सॉफ्टवेअरच्या खतांच्या यादीत १८-४६ आधीपासून आहे आणि तिथे फॉस्फरस ०.२०२ असा बरोबर बदलून दिलेला आहे, तेव्हा ते खत निवडून किलो टाकलेत तर काळजी नाही. पण एनपीके, सुपर फॉस्फेट असं काही आपलं आपण यादीत घालाल तेव्हा गोणीवरचा आकडा जसाच्या तसा लिहू नका, नाहीतर तलावात दुपटीहून जास्त फॉस्फरस दिसेल. सोयाबीनसाठी मध्य भारतात हेक्टरी २५ किलो नत्र आणि ६० किलो स्फुरदाची शिफारस आहे, ती डीएपीतून द्यायची म्हणजे साधारण १३० किलो लागतं. शिफारस आणि प्रत्यक्षात पडणारं खत यांत फरक असतो, तेव्हा गावात जाऊन विचारा, आणि बिघ्याचं हेक्टर नीट करा. युरियाची गोणी आता ४५ किलोची आहे हेही लक्षात ठेवा, "हर बीघे में एक बोरी" असं उत्तर आलं की कुठली बोरी ते विचारा.

इथे एक गोष्ट मॉडेलने मला फार छान समजावली. आम्ही सगळे युरिया युरिया करत होतो, पण खरिपात सोयाबीन स्वतःच हवेतला नत्र घेतं, त्याला युरिया फारसा पडतच नाही, त्यामुळे पावसाळ्यात तलावाकडे जे निघतं त्यात मुख्य चिंता गाळाला चिकटलेल्या फॉस्फरसची. युरिया पडतो गव्हाला, थंडीत, जेव्हा पाऊस नसतो, तो वरून न वाहता पाटाच्या आणि मोटारीच्या पाण्याबरोबर खाली झिरपतो आणि नायट्रेट बनून विहिरी-बोअरिंगकडे जातो. म्हणजे तलावाचा रोग आणि बोअरिंगचा रोग दोन वेगवेगळ्या मोसमांतून, दोन वेगवेगळ्या गोण्यांतून येतो. हे कळलं की गावात जाऊन बोलण्याचा विषयच बदलतो. (नायट्रेट बघताना युनिट तपासा, मॉडेल नायट्रेटमधला नुसता नायट्रोजन देतं आणि पिण्याच्या पाण्याची ४५ मिलीग्रॅमची मर्यादा पूर्ण नायट्रेटची आहे, ४.४३ ने गुणल्याशिवाय तुलना करू नका.)

शेततळ्यांचंही बघा. देवासमध्ये २००६ पासून जी रेवा सागर तलावांची मोहीम झाली तिचा परिणाम सगळ्या माळव्यावर झालाय, शेताशेतात तलाव दिसतात. ३० मीटरच्या नकाशात ते नीट येत नाहीत, आणि नाही आले तर मॉडेल ते पाणी आणि तो गाळ थेट खाली पाठवतं. सॅटेलाइट फोटोवरून तलाव मोजून ते प्रत्येक भागात घालायला वेळ लागतो, कंटाळवाणं आहे, पण केलंच पाहिजे.

डेटा कुठून आणायचा हा पुढचा प्रश्न आणि खरा घाम इथेच निघतो. पावसासाठी हवामान खात्याचा पाव अंशाचा ग्रिड डेटा फुकट आहे, १९०१ पासूनचा आहे, फार मोठी सोय आहे, पण त्याचा एक चौकोन पंचवीसेक किलोमीटरचा, आणि आपल्याकडे महूला धो धो आणि हातोदला कोरडं असं नेहमी होतं, तेव्हा आसपासच्या तहसीलच्या पर्जन्यमापकाचे आकडे मिळाले तर ते सोबत ठेवा. जमिनीच्या वापरासाठी युरोपियन स्पेस एजन्सीचा १० मीटरचा वर्ल्डकव्हर नकाशा चांगला आहे पण त्यात शेती म्हणजे फक्त शेती, सोयाबीन की मका ते कळत नाही, ते आपण घालायचं. मातीसाठी एफएओचा जगाचा नकाशा सगळे वापरतात, तो इतका ढोबळ आहे, ५० लाखाला एक या प्रमाणाचा, की अख्ख्या पाणलोटाला एक-दोन रंगच मिळतात, आणि जानापावकडची उथळ मुरमाड जमीन आणि देपालपूरची खोल काळी जमीन एकाच डब्यात जातात. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेचे नकाशे मिळवा, त्यासाठी केलेली धावपळ वाया जात नाही.

आणि मग नदीचा प्रवाह. इथे इंदूरकरांचं एक खास दुखणं आहे. आपला जिल्हा पाणी वाटणाऱ्या कण्यावर बसलाय, दक्षिण उताराची चोरल नर्मदेला जाते आणि उत्तर उताराची गंभीर शिप्रेतून चंबळला, पुढे यमुना, पुढे गंगा. नर्मदा खोऱ्याचा मोजलेला प्रवाह इंडिया-डब्ल्यूआरआयएस या सरकारी जलसंपदा पोर्टलवर बघायला मिळतो, पण गंगा खोऱ्याचा केंद्रीय डेटा गोपनीय वर्गात धरला जातो कारण ते पाणी देशाबाहेर जातं. म्हणजे एकाच डोंगराच्या एका बाजूचा विद्यार्थी डेटा डाउनलोड करतो आणि दुसऱ्या बाजूचा अर्ज घेऊन फिरतो. आम्ही एका कार्यालयात अर्ज दिला, पावती मिळाली, उत्तर आलं नाही. जानापावहून निघालेल्या छोट्याशा नदीचं पाणी किती वाहतं हे तिच्याच काठच्या लोकांना कळू नये याचं मला खरंच वाईट वाटतं, आणि हा नियम अशा लहान उपनद्यांसाठी तरी बदलावा असं मी जाहीरपणे म्हणते.

मग पर्याय काय, तर तलावच मोजमापाचं भांडं म्हणून वापरा. यशवंत सागरची पातळी पावसाळ्यात पेपरात फुटांमध्ये येत असते, ती लिहून ठेवा. सेंटिनेल सॅटेलाइटवरून तलावाचा पसारा दर काही दिवसांनी काढता येतो, पावसाळ्यात ढग असतात तेव्हा सेंटिनेल-१ चं रडार ढगांतून बघतं, ते वापरा. मॉडेलमधला तलाव आणि खरा तलाव एकाच आठवड्यात भरायला लागले तर पाण्याचा हिशोब मार्गावर आहे असं समजायला हरकत नाही. पाण्याचे नमुने मात्र स्वतः घ्यावेच लागतात, त्याला पर्याय नाही, आणि ते जोराच्या पावसाच्या दिवशीच घ्यावे लागतात, कारण वर्षाचा बराचसा गाळ आणि फॉस्फरस मोजक्या मोठ्या पावसांतच उतरतो. ऊन पडल्यावर जाऊन स्वच्छ पाण्याच्या बाटल्या भरल्या तर त्या आकड्यांना अर्थ नाही.

कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे मॉडेलचे आकडे मोजलेल्या आकड्यांशी जुळवायला, स्वॉट-कप नावाचं सॉफ्टवेअर पूर्वी फुकट होतं, नवी आवृत्ती पैसे देऊन घ्यावी लागते. घाबरू नका, स्वॉट प्लस टूलबॉक्स आणि आर-स्वॉट ही दोन फुकट आहेत आणि त्यांच्यावर काम होतं. किती जुळलं म्हणजे चांगलं, तर २००७ पासून बहुतेक सगळे मोरियासी आणि सहकाऱ्यांचे निकष धरतात, महिन्याच्या प्रवाहासाठी नॅश-सटक्लिफ हा जुळणीचा आकडा (१ म्हणजे तंतोतंत) ०.५ च्या वर आणि एकूण फरक २५ टक्क्यांच्या आत, गाळाला ५५ टक्क्यांपर्यंत, नत्र-फॉस्फरसला ७० टक्क्यांपर्यंत फरक चालवून घेतात. हे आकडे नीट वाचा. फॉस्फरसमध्ये ७० टक्के फरक असूनही मॉडेल समाधानकारक म्हटलं जातं! म्हणून "१४ ऑगस्टला तलावात इतका मिलीग्रॅम फॉस्फरस होता" असं या मॉडेलच्या जोरावर कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. कुठल्या नाल्याकडून जास्त येतंय, कुठल्या महिन्यात येतंय, आणि अमुक उपाय केला तर साधारण किती कमी होईल, या तुलनांसाठी मात्र याच्या तोडीचं फुकट दुसरं काही मला माहीत नाही.

आणि हीच त्याची खरी ताकद. आपल्याकडे सोयाबीनला बीबीएफने पेरणी वाढतेय, रुंद गादीवर पीक आणि बाजूला सरी. मॉडेलमध्ये बीबीएफ असं बटण नाही, पण उताराला आडवं पेरलं की ड गटात कर्व्ह नंबर ८९ चा ८६ होतो, बांधबंदिस्तीही असेल तर ८१, आणि धुपीच्या हिशोबातला पी नावाचा आकडा (जमीन सांभाळण्याच्या उपायांचा गुणक) १ ते २ टक्के उतारावर १ वरून ०.६ वर येतो, ३ ते ८ टक्क्यांवर ०.५. हे बदलून परत चालवा. नाल्याच्या काठाने गवताची पट्टी ठेवून चालवा. माती परीक्षण करून डीएपी कमी केलेलं चालवा. आमच्या पाणलोटात गाळाचा मोठा वाटा सगळ्या शेतांतून सारखा येतच नव्हता, महूच्या बाजूची चढणीची आणि नाल्याला चिकटून असलेली शेतं यातच तो जमा झालेला दिसला, म्हणजे अख्ख्या तालुक्याला उपदेश करत फिरण्यापेक्षा त्या काही गावांत गवताच्या पट्ट्यांसाठी बसून बोलणं जास्त कामाचं. नकाशा छापून गावात नेला तेव्हा शेतकऱ्यांनीच दोन ठिकाणं दुरुस्त करून दिली, तिथे बांध आधीच घातलेले होते.

मदत चांगली मिळते. थिअरीचं पुस्तक ६०० हून जास्त पानांचं आहे, पीडीएफ फुकट, आणि खरोखर नीट लिहिलेलं, सगळं वाचायची गरज नाही पण रनऑफ, धूप आणि फॉस्फरसचे भाग वाचल्याशिवाय आकड्यांना हात लावू नका. वापरणाऱ्यांच्या गुगल ग्रुपवर प्रश्न टाकला तर कधीकधी बनवणारेच उत्तर देतात. स्वॉट प्लस बदलतं फार लवकर, म्हणून एक प्रोजेक्ट सुरू केला की संपेपर्यंत तीच आवृत्ती ठेवा, मध्येच अपडेट करू नका. मराठीत किंवा हिंदीत याच्यावर नीट साहित्य नाही ही खंत आहे, आपल्या मातीची, पिकांची फाइल सगळ्यांनी मिळून बनवून खुली ठेवली तर पुढच्या मुलांचा केवढा वेळ वाचेल.

दुसरं काय वापरता येईल? फक्त पुराचं पाणी बघायचं असेल तर एचईसी-एचएमएस नावाचं सॉफ्टवेअर सोपं आहे, पण त्यात पीक आणि खत असा विचार होत नाही. इन्व्हेस्ट (InVEST) या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधलं न्यूट्रियंट मॉडेल एका दुपारी चालवता येतं, पण ते वर्षाची सरासरी देतं, जून आणि ऑगस्टचा फरक त्याला कळत नाही, आणि आपल्या पाण्याचं सगळं नाटक तर त्या चार महिन्यांतच घडतं. दोन महिन्यांत रिपोर्ट द्यायचा असेल, गावात जायला माणूस नसेल, तर इन्व्हेस्टच घ्या, स्वॉटच्या वाटेला जाऊ नका, अर्धवट भरलेलं स्वॉट हे रंगीत नकाशे काढून लोकांना फसवतं. पण एक पूर्ण पावसाळा देण्याची तयारी असेल, पावसात भिजून बाटल्या भरणारी दोन-तीन मुलं असतील आणि ८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप असेल, तर बिनधास्त घ्या, आणि मेमध्येच इन्स्टॉल करून ठेवा म्हणजे पहिल्या पावसाला नाल्यावर हजर राहता येईल. आमची सोयाबीन-गव्हाच्या वेळापत्रकाची आणि खतांची फाइल मी कोणालाही द्यायला तयार आहे, मागा, फक्त त्यात आपल्या गावाच्या तारखा घालून मगच चालवा.